एस्कोरियलचा मठ अर्ध्या दिवसात उरकू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडच्या पर्यटन पुरवण्यांत आणि सहल कंपन्यांच्या पत्रकांत माद्रिदची जी ओळख करून दिली जाते, तिच्यात सान लोरेन्सो दे एल एस्कोरियलच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : ‘माद्रिदजवळचा भव्य राजवाडा, अर्ध्या दिवसाची सहल.’ या ओळीतल्या दोन्ही गोष्टींना माझी हरकत आहे. एस्कोरियलमध्ये राजवाडा आहे हे खरे, पण ती वास्तू बांधली गेली मठ म्हणून, आणि आजही तिथे ऑगस्टिनपंथी संन्यासी राहतात. दुसरे असे की, अर्धा दिवस हाती घेऊन गेलेला माणूस तिथून बाहेर पडतो तेव्हा त्याने लांबलचक दगडी भिंती आणि काही अंधाऱ्या खोल्या यांपलीकडे फारसे काही पाहिलेले नसते. मी स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. माझ्या पत्नीने एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले. आम्ही दोघांनी माद्रिदहून स्वतःच लोकल गाडीने जाऊन तिथे एक पूर्ण दिवस घालवला. त्या अनुभवाच्या आधारे, आणि त्या वास्तूविषयी जे वाचले आहे त्याच्या आधारे, हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या वाचकपत्रापेक्षा लांब झाले आहे, याची मला जाणीव आहे.

आधी ही जागा कशासाठी उभी राहिली ते सांगितले पाहिजे, कारण ते ठाऊक नसेल तर आतली रचना कळत नाही. १० ऑगस्ट १५५७ या दिवशी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या सैन्याने फ्रान्समधल्या सां-कांतँ येथे फ्रेंचांचा पराभव केला. तो दिवस संत लॉरेन्सचा सण होता. लोखंडी जाळीवर भाजून ज्याला मारले, असे परंपरा सांगते, तोच हा हुतात्मा. पुढच्याच वर्षी, १५५८ मध्ये, फिलिपचा पिता सम्राट पाचवा चार्ल्स युस्ते येथील जेरोमपंथी मठाच्या आश्रयाला असताना वारला. राज्यत्याग करून तो तिथे जाऊन राहिला होता आणि आपल्या अंतिम विश्रांतीच्या जागेचा निर्णय त्याने मुलावर सोपवला होता. विजयाबद्दलची कृतज्ञता आणि पित्याचे दफन या दोन्ही कारणांनी फिलिपने ग्वादार्रामा पर्वताच्या पायथ्याशी नवा मठ बांधायचा ठरवला, तो लॉरेन्सच्या नावाने अर्पण केला आणि तिथे जेरोमपंथी संन्यासीच आणून बसवले. राजघराण्यातल्या मृतांसाठी अखंड प्रार्थना करणे हे त्यांचे काम. म्हणजे चर्च, समाधी आणि मठ हा मूळ हेतू. राजाचे निवासस्थान, ग्रंथालय आणि विद्यालय हे त्याच्याभोवती गुंफलेले. मठाचा आराखडा त्या लोखंडी जाळीसारखा दिसतो असे सगळे मार्गदर्शक आवर्जून सांगतात. एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या इमारती, मधले चौक आणि एका बाजूला मुठीसारखा बाहेर आलेला राजाच्या दालनांचा भाग पाहिला की ते पटतेही; पण तो हेतुपुरस्सर होता की नाही, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मला स्वतःला ती कल्पना नंतर चिकटवल्यासारखी वाटते.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. माद्रिदच्या आतोचा किंवा चामार्तिन स्थानकावरून सेर्कानियास नावाची उपनगरी गाडी सुमारे तासाभरात एल एस्कोरियलच्या स्थानकावर पोचवते. मोंक्लोआ येथून बसगाड्याही सुटतात आणि त्या थेट वरच्या गावात, मठाच्या जवळ सोडतात. तरीही मी गाडीचीच शिफारस करीन. स्थानक खालच्या गावात आहे. तिथून अठराव्या शतकात युवराजासाठी हुआन दे व्हियानुएव्हाने बांधलेल्या लहान प्रासादाची बाग लागते, आणि त्या बागेतून झाडीखालून चढत चढत माणूस मठापाशी येतो. चढ अंगावर येणारा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने मात्र बसच धरावी. या वाटेने आल्यावर वास्तू हळूहळू दिसू लागते, तिच्या मागचा आबांतोस डोंगर दिसतो, आणि ज्या राखाडी ग्रॅनाइटची ती बांधली आहे तोच ग्रॅनाइट आसपासच्या माळावर उघडा पडलेला दिसतो. वातानुकूलित बसमधून थेट दारात उतरणाऱ्याला हे कळत नाही.

आता बांधकामाविषयी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते एस्कोरियलची खरी थोरवी तिथेच आहे आणि पर्यटकांना ती क्वचितच कोणी सांगते. २३ एप्रिल १५६३ रोजी पायाचा पहिला दगड बसला आणि १३ सप्टेंबर १५८४ रोजी शेवटचा. सुमारे २०७ मीटर लांब आणि १६१ मीटर रुंद अशी, मध्ये नव्वद मीटरहून उंच घुमटाचे चर्च असलेली ही दगडी वास्तू एकवीस वर्षांत पुरी झाली. युरोपातली कित्येक मोठी चर्चे पिढ्यान्‌पिढ्या अर्धवट राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे या वेगाचे महत्त्व कळते. पहिला वास्तुकार हुआन बाउतिस्ता दे तोलेदो हा रोममध्ये सेंट पीटर्सच्या कामावर मायकेलँजेलोच्या हाताखाली राहिलेला. तो १५६७ मध्ये वारला आणि त्याचा साहाय्यक हुआन दे एर्रेरा याच्याकडे पुढे सूत्रे आली. एर्रेरा गणितात रमणारा माणूस होता. त्याने एक सुधारणा आणली : दगड बांधकामाच्या जागी आणून घडवण्याऐवजी खाणीतच मापाबरहुकूम घडवायचा आणि तयार दगड वाहून आणायचा. पाथरवटांचा विरोध झाला, पण वाहतुकीचे वजन घटले, कामाच्या जागची गर्दी कमी झाली, आणि प्रत्येक दगडाचे माप आधी कागदावर पक्के करणे भाग पडले. आज आपण ज्याला पूर्वनिर्मित घटकांचे बांधकाम म्हणतो, त्याचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही. शलमोनाचे मंदिर बांधले जात असताना जागेवर हातोड्याचा आवाज ऐकू आला नाही, असे बायबलमध्ये म्हटले आहे. त्याचे स्मरण तेव्हाच्या मठवासीयांनाही झाले होते. चर्चच्या दर्शनी भागावर यहुदाच्या सहा राजांचे पुतळे आहेत आणि त्यांच्या मध्यभागी दावीद आणि शलमोन उभे आहेत. तेव्हा ही तुलना राजालाही अभिप्रेत असावी, असे मानायला जागा आहे.

चर्चचे काम १५७५ च्या सुमारास दहा ठेक्यांत विभागून दिले गेले आणि प्रत्येक ठेक्यावर दोन उस्ताद नेमले गेले. सगळ्यांची भिंत एकाच वेळी, एकाच उंचीने वर यावी आणि सांध्यात फरक दिसू नये, हे पाहणारा माणूस होता आंतोनियो दे व्हियाकास्तिन नावाचा एक मठवासी. तो दीक्षित पुरोहितही नव्हता, मठातला साधा कामकरी बंधू होता. पण संपूर्ण कामावरची देखरेख त्याच्याकडे होती आणि मुकादम, ठेकेदार, वास्तुकार या सगळ्यांना त्याचा शब्द मानावा लागे. मठात पन्नास संन्यासी राहतील असे आधी ठरले होते. ती संख्या शंभर करायचा हुकूम राजाने काम सुरू झाल्यावर दिला. असा हुकूम मधेच आला की काय गोंधळ उडतो, हे सरकारी बांधकामात आयुष्य काढलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. आराखडा मोडून इमारत पसरवायची पाळी आली असती. पाया भक्कम भरलेला आहे, तेव्हा रुंदी न वाढवता मजला चढवावा, हा तोडगा व्हियाकास्तिनने सुचवला आणि तो मान्य झाला. आज बाहेरून दिसणारी सलग एकसारखी उंची त्या निर्णयातून आली आहे. मठाचा इतिहासकार होसे दे सिग्वेन्सा सांगतो, की पहिला दगड बसवण्याच्या समारंभाला या बंधूने जायचे नाकारले : पहिला दगड इतरांनी बसवावा, मी शेवटच्या दगडासाठी स्वतःला राखून ठेवतो. आणि तो खरोखरच शेवटच्या दगडापर्यंत जगला. इतकेच काय, राजाच्या मृत्यूनंतरही काही वर्षे होता. एस्कोरियलची ओळख करून देताना एर्रेराचे नाव सगळे घेतात. व्हियाकास्तिनचे नाव कोणी घेतलेले मी ऐकले नाही, म्हणून ते इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

चर्चमध्ये शिरल्याबरोबर सगळे जण पुढे वेदीकडे चालू लागतात. त्यापूर्वी दाराच्या आतच थांबून वर पाहावे. संन्याशांच्या गायनकक्षाखालचे हे छत दगडी आहे आणि जवळजवळ सपाट आहे. कमानीला उंची असते म्हणून ती भार पेलते, ही सामान्य समजूत आहे; इथे उंची नावापुरतीच आहे आणि दगड एकमेकांना केवळ नेमक्या छेदाच्या जोरावर धरून आहेत. त्याविषयी एक दंतकथा सांगतात. राजाला ते छत पाहून भीती वाटली आणि त्याने मध्ये खांब घालायला लावला. एर्रेराने खांब उभा केला, पण राजा पाहायला आल्यावर तो खोटा असल्याचे दाखवले. कथा खरी असो वा नसो, ते छत अजून खांबाशिवाय उभे आहे. घुमट, चित्रे आणि सोनेरी मूर्ती यांपेक्षा मला तिथे अधिक वेळ थांबावेसे वाटले, आणि पत्नीने मला हाताला धरून पुढे नेले हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

वेदीच्या दोन्ही बाजूंना लेओनी पितापुत्रांच्या कार्यशाळेत घडलेले सोनेरी मुलाम्याचे ब्राँझचे पुतळे आहेत. एका बाजूला सम्राट चार्ल्सचे कुटुंब, दुसऱ्या बाजूला फिलिपचे. सगळे हात जोडून वेदीकडे गुडघे टेकलेले. फिलिपच्या चार राण्यांपैकी तिथे तिघीच आहेत. इंग्लंडची राणी मेरी ट्युडर नाही. जिवंतपणी ज्याच्याशी राजाचे बरे नव्हते आणि जो कैदेत वारला, तो मुलगा डॉन कार्लोस मात्र त्या कुटुंबात आहे. या पुतळ्यांच्या मागेच राजाची दालने आहेत. इथे पोचल्यावर ‘राजवाडा’ हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. ज्याच्या ताब्यात युरोप, अमेरिका आणि आशिया यांमधले प्रदेश होते त्याची शेज एका लहान खोलीत आहे, भिंतींच्या खालच्या पट्ट्यावर तालाव्हेराच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, आणि अंथरुणावरून मान वळवली की थेट चर्चची मुख्य वेदी दिसते. जुन्या वाड्यात आजारी आजोबांची खाट देवघरासमोर आणून ठेवत, तशीच ही योजना. फरक एवढाच, की इथे ती आजारपणासाठी ऐन वेळी केलेली नव्हती, आराखड्यातच होती. संधिवाताने सुजलेला पाय वर ठेवण्यासाठी केलेली त्याची खुर्चीही तिथे दाखवतात. याच खोलीत ५३ दिवस अंथरुणावर राहून तो १३ सप्टेंबर १५९८ रोजी वारला. शेवटचा दगड बसल्याला त्या दिवशी बरोबर चौदा वर्षे झाली होती.

मराठी वाचकाने या खोलीत जरा थांबावे, यासाठी आणखी एक कारण आहे आणि आपल्या कोणत्याही सहल पत्रकात मला ते आढळलेले नाही. १५८० मध्ये पोर्तुगालचे सिंहासन रिकामे झाले तेव्हा फिलिपने त्यावर हक्क सांगून ते मिळवले आणि १५८१ मध्ये तोमार येथील सभेने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा राजा आणि स्पेनचा राजा एकच होता. याचा अर्थ असा, की त्या साठ वर्षांत गोवा, दमण, दीव, चौल आणि वसई हेही या घराण्याच्या अमलाखाली होते, आणि गोव्याच्या व्हाइसरॉयचा कारभार एस्कोरियलच्या या धन्याच्या नावाने चालत होता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या सैन्याकडून पोर्तुगीजांनी जिंकला, तेव्हा पोर्तुगालचा राजा हाच फिलिप होता. पोर्तुगीज क्रमाने त्याला ‘पहिला फिलिप’ म्हणतात. वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्या किल्ल्यातल्या मठांचे आणि चर्चचे अवशेष पाहताना मात्र, त्यांच्या भरभराटीच्या काळात त्यांचा स्वामी माद्रिदजवळच्या एका मठात वेदीकडे तोंड करून निजत होता, हा संबंध आपण जोडत नाही. स्पेनची सहल म्हणजे आपल्याशी काहीएक संबंध नसलेल्या देशाची सहल, असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही. ऊठसूट आपल्या इतिहासाशी नाते जोडायची सवय मलाही आवडत नाही. हे नाते जोडलेले नाही, ते होतेच.

मुख्य वेदीच्या नेमके खाली राजांचे समाधिगृह आहे. संगमरवर आणि सोनेरी ब्राँझ यांनी मढवलेले हे अष्टकोनी दालन चौथ्या फिलिपच्या काळात, १६५४ मध्ये पूर्ण झाले, आणि वरच्या चर्चच्या संयमी ग्रॅनाइटशी त्याचा मेळ बसत नाही, असे माझे मत आहे. एकसारख्या २६ शवपेट्या भिंतीत ओळीने बसवल्या आहेत. एका बाजूला राज्यकर्ते, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीदार. राणी झाली म्हणून इथे जागा मिळत नाही, पुढच्या राजाची आई व्हावे लागते. अपवाद झाले आहेत, पण नियम हाच. सगळेच राजे इथे आहेत असेही नाही : पाचव्या फिलिपने ला ग्रान्हा येथे आणि सहाव्या फर्डिनंडने माद्रिदमध्येच दफन होणे पसंत केले. मृतदेह थेट या पेट्यांत येत नाही. आधी तो ‘पुद्रिदेरो’ नावाच्या बंद खोलीत सुमारे पंचवीस वर्षे राहतो, आणि केवळ अस्थी उरल्या की समाधिगृहात आणला जातो. त्या खोलीत मठाचे संन्यासीच जाऊ शकतात. हे ऐकून आमच्यासोबतच्या काही पर्यटकांनी तोंडे वाकडी केली, पण मृत्यूशी व्यवहार करण्याची प्रत्येक समाजाची आपापली रीत असते, आणि ही रीत निदान लपवलेली नाही. त्यापुढच्या दालनांत राजपुत्र आणि राजकन्या आहेत. लहानपणी वारलेल्या मुलांसाठी एक पांढरी गोलाकार बहुमजली समाधी आहे. ती पाहून तिथून लवकर निघावेसे वाटते.

पत्नीचा सगळा जीव ग्रंथालयात होता, आणि ते दालन तिच्या अपेक्षेला उतरले. सुमारे ५४ मीटर लांबीच्या या सभागृहाच्या छतावर पेलेग्रिनो तिबाल्दीने व्याकरण, तर्क, गणित, संगीत वगैरे सात विद्यांची चित्रे काढली आहेत आणि दोन टोकांना तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र आहे. म्हणजे शाळेत शिकून हळूहळू चढावयाची पायरीच डोक्यावर मांडली आहे. मध्ये आंतोनियो सांतुच्ची याने बनवलेला खगोलाचा लाकडी गोल आहे, त्यात पृथ्वी केंद्रस्थानी आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापून झाला होता, पण या गोलाला त्याची गंधवार्ता नाही. कपाटांकडे पाहून पत्नी म्हणाली, “अहो, ही सगळी पुस्तके उलटी लावली आहेत.” खरोखर, पुस्तकांच्या पाठी आत आणि पानांच्या सोनेरी कडा बाहेर अशी इथली जुनी पद्धत आहे. दिसायला ते झळझळीत दिसते. कामाच्या ग्रंथपालाला ते सोयीचे नाही, हे तिने तिथल्या तिथे सांगून टाकले. हा संग्रह उभा करून त्याची व्यवस्था लावण्यात बेनितो आरियास मोंतानो या विद्वानाचा मोठा हात होता. अरबी हस्तलिखितांचा जो प्रसिद्ध साठा इथे आहे, त्याचा मोठा भाग १६१२ मध्ये मोरोक्कोचा सुलतान मुलाय झिदान याच्या ग्रंथांनी भरलेले जहाज समुद्रात पकडले गेल्यामुळे आला, आणि १६७१ च्या आगीत त्यातला पुष्कळसा जळाला. लुटीतून आलेले ग्रंथ लुटणाऱ्याच्या घरी जळावेत, यात काय न्याय आहे तो वाचकांनीच ठरवावा. उरलेले ग्रंथ मात्र जपले गेले आणि अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

चित्रांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती पाहायला माद्रिदचे प्रादो संग्रहालय आहेच, आणि एस्कोरियलमधली काही प्रसिद्ध चित्रे पुढे तिकडेच गेली. तरी एल ग्रेकोचे संत मॉरिसच्या हौतात्म्याचे चित्र चुकवू नये. ते चर्चमधल्या वेदीसाठी काढून घेतले होते. राजाला ते आवडले नाही, म्हणून वेदीवर दुसऱ्याचे चित्र लागले. पण एल ग्रेकोचे पैसे चुकते केले गेले आणि चित्रही मठात जपले गेले. चेल्लिनीचा पांढऱ्या संगमरवरातला क्रूसावरचा ख्रिस्तही इथेच आहे. मूळ शिल्प नग्न आहे. त्याच्या कमरेला कापड गुंडाळण्याची पद्धत फिलिपपासून चालत आली आहे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे वळतो. आमच्या माहितीतल्या एका सहल कंपनीच्या कार्यक्रमात एस्कोरियल, जवळचे कुएल्गामुरोसचे खोरे आणि सेगोव्हिया हे एकाच दिवसात बसवलेले होते. सेगोव्हियाचा रोमन जलसेतू स्वतंत्र दिवसाचा हक्कदार आहे. कुएल्गामुरोसची गोष्ट आणखी वेगळी. पूर्वी ‘व्हाये दे लोस काईदोस’ या नावाने ओळखली जाणारी ती जागा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने यादवी युद्धानंतर उभारली, तिच्या बांधकामावर राजकीय कैद्यांना राबवले गेले, आणि तिथे पुरलेला फ्रँको ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेर काढून दुसरीकडे हलवण्यात आला. स्पेनमध्ये तिच्याविषयी आजही तीव्र मतभेद आहेत. जिला समजून घ्यायला बरीच पूर्वतयारी हवी, ती जागा एस्कोरियलला जोडून ‘जाता जाता’ दाखवणे दोन्हींवर अन्याय करणारे आहे. शिवाय या गर्दीत एस्कोरियलच्या वाट्याला जो वेळ उरतो, त्यात मार्गदर्शकाला ग्रंथालय किंवा राजाची दालने यांपैकी एक गाळावेच लागते. तेव्हा पर्यटकाने मठ पाहिला, असे म्हणता येत नाही.

पूर्ण दिवस घालवण्याचा आणखी एक फायदा असा, की ही वास्तू अजून वापरात आहे हे दिसते. जेरोमपंथी संन्याशांना एकोणिसाव्या शतकात, मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या तेव्हा जावे लागले. १८८५ मध्ये बाराव्या आल्फोन्सोच्या काळात ऑगस्टिनपंथी आले आणि ते अजून आहेत. इमारतीच्या एका भागात त्यांची शाळा चालते, चर्चमध्ये उपासना होतात. दुपारी आम्ही भिंतीलगतच्या बागेत बसलो होतो. पलीकडून शाळा सुटल्याचा गलका ऐकू येत होता आणि हातात नकाशे घेतलेल्या पर्यटकांचे जथे दुसऱ्या दाराने बाहेर पडत होते. १९८४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या वास्तूत मुले रोज शिकायला येतात, ही गोष्ट मला पुतळ्यांइतकीच पाहण्याजोगी वाटली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना. गाव हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, माद्रिदमध्ये उकडत असले तरी इथे वारा बोचतो आणि दगडी दालनांत गारवा असतो, म्हणून अंगावर घ्यायला काहीतरी हवे. समाधिगृहाच्या पायऱ्या उतरताना जपावे. मधल्या सुट्टीसारखे जेवायला वरच्या गावात जावे आणि उरलेले दुपारी पाहावे. मात्र पुन्हा आत सोडतील का, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवावे. आत छायाचित्रे घेण्याविषयीचे नियम दारावर वाचावेत आणि पाळावेत. आपल्या काही सहप्रवाशांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

आपल्या पुरवणीत माद्रिदवर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा एस्कोरियलचा उल्लेख मठ म्हणून व्हावा आणि त्याला स्वतंत्र दिवस सुचवला जावा, अशी विनंती आहे. सहल कंपन्या माद्रिदच्या मुक्कामात खरेदीसाठी जो एक दिवस मोकळा ठेवतात, तो इच्छुकांना या कामी देता येईल. हा मठ सोमवारी बंद असतो, तेवढे पाहून तो मोकळा दिवस ठरवावा.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त स्थापत्य अभियंता)